आवाज कुठून आणला?

१. एक रास्त शंका

हिप-हॉपचा विषय निघाला की जुन्या गाण्यांवर वाढलेला माणूस हमखास विचारतो, "यात गाणं कुठे आहे? एक जण भराभर बोलतोय आणि मागे जे वाजतंय तेही म्हणे दुसऱ्याच्या रेकॉर्डवरून उचललेलं. मग यांचं स्वतःचं काय?" शंका रास्त आहे. चाहते तिच्यावर उगाच चिडतात. खरं तर हाच प्रश्न घट्ट धरून ठेवला, तर हिप-हॉपचे कालखंड एकामागून एक उलगडत जातात.

एरवी हा इतिहास गायकांच्या भांडणांतून सांगितला जातो. कोणी कोणाला शिव्या घातल्या, कोणी कोणावर गोळ्या झाडल्या. त्यातून संगीत कळत नाही. या प्रकरणात आपण प्रत्येक रेकॉर्डला एकच विचारू: मागचा आवाज कुठून आणला? याचं उत्तर दर चार-पाच वर्षांनी बदलत गेलं आणि त्या प्रत्येक बदलामागे माणसाच्या प्रतिभेइतकाच एखाद्या यंत्राचा, आणि एकदा तर न्यायालयाचा, हात होता.

आधी दोन नावांचा घोळ मिटवू. रॅप म्हणजे तालात, यमकं साधत बोलणं. हिप-हॉप म्हणजे ज्या घोळक्यात ते जन्मलं तो सगळा घोळका: रेकॉर्ड वाजवणारा डीजे, माइक धरणारा एमसी, जमिनीवर गिरक्या घेणारी पोरं आणि भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांवर नावं रंगवणारे हात. यात मान होता डीजेचा. एमसी त्याच्या दिमतीला, गर्दीला हुशारी आणण्यापुरता.

२. नाचणारे कशाची वाट बघतात?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावर ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती, नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, जमैकातून आलेला, अठरा वर्षांचा. लोक त्याला डीजे कूल हर्क म्हणत.

हर्कची नजर रेकॉर्डवर कमी आणि नाचणाऱ्यांवर जास्त असे. त्याच्या लक्षात आलं की पोरं अख्खं गाणं नाचत नाहीत, एका ठरावीक जागेची वाट बघत थांबतात. फंक संगीताच्या गाण्यात मध्येच गायक गप्प होतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि फक्त ड्रम वाजत राहतात. या जागेला ब्रेक म्हणतात. तमाशाच्या फडात बाई गाता गाता थांबते, ढोलकीवाला पुढे सरकतो आणि त्याच्या एका तुकड्यावर शिट्ट्या पडतात, तसंच हे. अडचण एवढीच की रेकॉर्डवरचा हा तुकडा दहा-वीस सेकंदांत संपतो आणि गायक पुन्हा गळा काढतो.

हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. पंधरा सेकंदांचा तुकडा हवा तितका लांबला. इन्क्रेडिबल बॉंगो बँडचं 'अपाची' हे वाद्यसंगीत याच कामी आलं आणि पुढे डीजे मंडळींचं कुलदैवतच होऊन बसलं.

ग्रँडमास्टर फ्लॅशने हीच युक्ती काटेकोर केली. रेकॉर्डवर मेणखडूने खूण करायची आणि ती खूण किती फेऱ्या मागे न्यायची हे मोजून ठेवायचं, म्हणजे जोड ऐकू येत नाही. ग्रँड विझर्ड थिओडोरने सुईखाली रेकॉर्ड मागेपुढे घासून खरखरीलाच ताल दिला. म्हणजे रेकॉर्ड ऐकण्याची वस्तू होती, ती इथे वाजवण्याची झाली. "यांचं स्वतःचं काय?" याचं पहिलं उत्तर हे.

या काळातलं कौतुक असं की सहा वर्षं हिप-हॉपची एकही व्यावसायिक रेकॉर्ड निघाली नाही. जे होतं ते पार्टीत, फार तर कॅसेटवर.

३. पहिली रेकॉर्ड, पहिली उचलेगिरी

१९७९ मध्ये शेजारच्या न्यू जर्सीत सिल्व्हिया रॉबिन्सन या गायिका-निर्मातीने तीन पोरं जमवली, त्यांना शुगरहिल गँग असं नाव दिलं आणि 'रॅपर्स डिलाइट' काढलं. लांब आवृत्ती जवळपास पंधरा मिनिटांची. खाली वाजतो तो शीक या बँडच्या 'गुड टाइम्स' गाण्याचा बास. पण तो रेकॉर्डवरून घेतलेला नाही. एकच तुकडा स्टुडिओत अचूक फिरवत ठेवणारं यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून वादक बोलावून तेच तेच पंधरा मिनिटं वाजवून घेतलं.

'गुड टाइम्स'च्या कर्त्यांनी, नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी, कायद्याचा बडगा दाखवताच त्यांची नावं गाण्यावर आली. शब्दांचं मात्र तसं झालं नाही. तिघांपैकी बिग बँक हँकने आपल्या कडव्यांसाठी ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझची वही वापरली, आणि इतकी जशीच्या तशी की कॅझने स्वतःच्या टोपणनावाची जी अक्षरं यमकात गुंफली होती, तीही तो म्हणून गेला. कॅझचं नाव श्रेयात आलं नाही. सूर उचलल्याचा हिशोब झाला, शब्द उचलल्याचा झाला नाही. ब्रॉन्क्सच्या मुरलेल्या मंडळींना या गाण्याचा राग येतो तो यामुळे. मला ते आजही मजेचं वाटतं, पण त्यात डीजेच नाही हे खटकतं.

डीजे काय करत असे हे ऐकायचं असेल तर १९८१ ची फ्लॅशची 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑन द व्हील्स ऑफ स्टील' ऐकावी. सात मिनिटं तबकड्यांची हाताने केलेली करामत. आणि पुढच्याच वर्षी 'द मेसेज' आलं. त्यावर नाव फ्लॅशचं असलं तरी त्याचा हात त्यात जवळजवळ नाहीच. मेली मेल आणि ड्यूक बूटी या दोघांनी ब्रॉन्क्समधली मोडकी घरं, काचांचे तुकडे, उंदीर, डोक्याचा ताण असं सगळं संथ तालावर मांडलं. नाचायच्या संगीतात हे कोण ऐकणार, म्हणून फ्लॅशच्या गटातले बाकीचे नाखूश होते. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहाची पहिली यादी झाली, तिच्यात हिप-हॉपचं एकच गाणं होतं, ते हे. डीजे मागे सरकला आणि एमसी पुढे आला, तो इथे.

४. कुणाचाच नसलेला आवाज

रोलँड टीआर-८०८ हे जपानी तालयंत्र १९८० ते १९८३ एवढंच बनलं, सुमारे १२,००० नग. खरे ड्रम रेकॉर्ड करून त्यात भरलेले नव्हते. विजेच्या मंडलांतून ते आवाज तयार करायचं, आणि ते ड्रमसारखे वाटायचेही नाहीत. त्यामुळे ते पडलं, वापरलेल्या मालात स्वस्तात मिळू लागलं आणि गरिबांच्या हाती आलं. छाती हलवणारा त्याचा खर्ज १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक' या गाण्यात आहे. वरची धून जर्मनीच्या क्राफ्टवर्कवरून घेतलेली, वाद्यांवर पुन्हा वाजवलेली.

मग क्वीन्सच्या हॉलिस वस्तीतले रन-डीएमसी आले. १९८३ च्या 'सकर एमसीज'मध्ये तालयंत्र आणि दोन आवाज, एवढंच. सूर नाहीच. १९८६ मध्ये त्यांनी एरोस्मिथ या रॉक बँडबरोबर 'वॉक धिस वे' केलं, ते अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं आणि गोऱ्या घरांतही हिप-हॉप शिरलं. इतिहासात या गाण्याला जागा मोठी आहे, माझ्या कपाटात नाही.

५. अडीच सेकंदांचं गणित

आता या प्रकरणाचा गाभा. सॅम्पलर म्हणजे कोणताही आवाज छोट्या तुकड्यात साठवून बटण दाबल्यावर परत देणारं यंत्र. आधीचे सॅम्पलर महाग होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर क्वीन्सब्रिजचा निर्माता मार्ली मार्ल स्टुडिओत काम करताना जुन्या रेकॉर्डवरचा दुसराच काही आवाज टिपत होता, त्यात चुकून ड्रमचा एक ठोका अडकला. त्याने ताडलं की हा ठोका आपण हवा तिथे, हवा तसा वाजवू शकतो. फंक गायक जेम्स ब्राऊनच्या ड्रमरला आता आपल्या तालात वाजवायला लावता येणार होतं.

१९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० आलं. त्याची एकूण साठवण दहा सेकंद, आणि एका तुकड्याला कमाल अडीच सेकंद. हे किती तुटपुंजं आहे ते मोजून बघू. हिप-हॉपचा ठेका मिनिटाला साधारण ९६ मात्रांचा धरला, तर एक मात्रा ६० भागिले ९६, म्हणजे ०.६२५ सेकंदांची. चार मात्रांचं एक आवर्तन बरोबर अडीच सेकंदांचं. म्हणजे एका बटणावर जेमतेम एक आवर्तन.

पोरांनी पळवाट काढली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांच्या वेगाने लावायची. संगीत १.३५ पट वेगात धावतं, त्यामुळे अडीच सेकंदांत जवळपास ३.४ सेकंदांचा माल मावतो. मग यंत्रात तो पुन्हा संथ करायचा. या ओढाताणीत आवाज बिघडतो, कडा खरखरीत होतात, ड्रम जाड आणि मळकट वाजतात. तोच मळकटपणा पुढे या काळाची ओळख ठरला. आज त्या खरखरीची नक्कल करणारी सॉफ्टवेअर लोक पैसे मोजून घेतात.

या यंत्रांवर सर्वांत धाडसी काम पब्लिक एनिमी या लाँग आयलंडच्या गटाने केलं. त्यांच्या निर्मात्यांचा चमू बॉम्ब स्क्वॉड, म्होरक्या हँक शॉकली. १९८८ चा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक' ऐकताना पहिल्यांदा गोंगाटच वाटतो, आणि तो तसाच वाटावा ही त्यांची इच्छा होती. 'रेबेल विदाउट अ पॉज'मध्ये जेबीज या बँडच्या सॅक्सोफोनची एक किंकाळी अथक फिरत राहते, खाली जेम्स ब्राऊनचा 'फंकी ड्रमर'. एका गाण्यात आठ-दहा रेकॉर्डचे तुकडे एकमेकांवर चढवायचे, काही सुरात, काही मुद्दाम बेसूर, आणि त्यावर गटाचा एमसी चक डी याचा भारदस्त आवाज. भाषणं, सायरन, जमावाचा ओरडा यांनाही वाद्याचा दर्जा. एखादा तुकडा ओळखू येतो, पण सगळं मिळून जे ऐकू येतं ते त्या आठ-दहांपैकी कुणाच्याच रेकॉर्डवर नव्हतं. "यांचं स्वतःचं काय?" याचं याहून ठाम उत्तर माझ्याकडे नाही.

दुसऱ्या टोकाला, पण तिथल्याच लाँग आयलंडवरचे, डे ला सोल. त्यांच्या १९८९ च्या 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'मध्ये राग नाही, खोड्या आहेत. पाढे शिकवणाऱ्या दूरदर्शन-मालिकेतलं गाणं, ओटिस रेडिंगची शीळ, स्टीली डॅनचा मुखडा, फ्रेंच शिकवणारी रेकॉर्ड, निर्माता प्रिन्स पॉलला काहीच वर्ज्य नाही. त्याच वर्षी बीस्टी बॉइजचा 'पॉल्स बूटिक' आला, तोही असाच शेकडो कातरणांचा. या तिन्ही अल्बमांमुळे १९८७ ते १९९१ हा माझ्या लेखी हिप-हॉपचा सुवर्णकाळ. पुष्कळ जाणकार १९९४ म्हणतील, त्यांचंही पुढे येईल.

६. मधल्या मध्ये शब्दांचं काय झालं

शब्दांचा कारभार बदलला तो एका माणसामुळे. एरिक बी आणि रकीम यांचा 'पेड इन फुल' १९८७ चा. रकीम सॅक्सोफोन वाजवायचा, जॉन कोल्ट्रेन ऐकून वाढला होता. त्याच्या आधीचे एमसी ओळीच्या शेवटी यमक ठोकत आणि ओरडत. मराठीत करून दाखवतो. जुना ढंग असा:

रात्रीचे बारा, रिकामी गाडी,
खिडकीत दिसते ओळखीची वाडी.

रकीमचा ढंग असा:

बारा वाजले, वारा सुटला, सारा फलाट ओला, पहारा
देणारा म्हातारा कोपरा धरून कधीच झोपला.

यमक ओळीच्या आत कुठेही पडतं, आणि वाक्य आवर्तनाच्या सीमेवर न थांबता पलीकडे वाहतं. आवाज मात्र शांत, चढा नाही. आजचा कुठलाही रॅपर, मुंबईचा असो वा अटलांटाचा, या माणसाचं देणं लागतो.

बायकाही याच काळात पुढे आल्या. एमसी लाइटचा 'लाइट अ‍ॅज अ रॉक' १९८८ चा, क्वीन लतिफाचा 'ऑल हेल द क्वीन' १९८९ चा. आणि पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधून एनडब्ल्यूए हा गट. पोलिसांवरच्या त्यांच्या गाण्यामुळे १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला पत्रच धाडलं. जाहिरात फुकट झाली.

७. न्यायाधीशांनी सुवर्णकाळ संपवला का?

आता एक कायद्याची गोष्ट समजून घेऊ. कोणत्याही ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा: चाल आणि शब्द ज्यांचे त्यांचा. दुसरा त्या विशिष्ट मुद्रणाचा, जो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. तुम्ही चाल स्वतः वाजवलीत तर पहिल्याची परवानगी पुरते. रेकॉर्डवरून तुकडा उचललात तर दोन्ही लागतात. गाण्यात बारा तुकडे असतील तर चोवीस हक्क.

सुरुवातीला कोणी हे मोजत नव्हतं. मग टर्टल्स या बँडच्या सदस्यांनी डे ला सोलवर दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला. खरा घाव बसला १९९१ च्या डिसेंबरात. बिझ मार्की या विनोदी रॅपरने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या १९७२ च्या गाण्यातला पियानो उचलला होता. परवानगी मागितली होती, मिळाली नव्हती, तरी रेकॉर्ड काढली. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली, विक्री थांबवली आणि प्रकरण फौजदारी कारवाईसाठी सरकारी वकिलांकडे पाठवलं. फौजदारी काही झाली नाही, पण कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बिझने १९९३ च्या अल्बमचं नावच 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!' ठेवलं.

यानंतर आठ-दहा रेकॉर्ड एका गाण्यात घालणं परवडेना. माझं मत असं की सुवर्णकाळ रसिकांच्या कंटाळ्याने संपला नाही, वकिलांच्या बिलाने संपला.

मात्र दार बंद झालं तशा दोन खिडक्या उघडल्या. एक उघडली डॉक्टर ड्रे या निर्मात्याने. त्याच्या १९९२ च्या 'द क्रॉनिक'मध्ये जॉर्ज क्लिंटनच्या फंक बँडांच्या चाली बऱ्याच ठिकाणी वादक बोलावून पुन्हा वाजवून घेतल्या आहेत. म्हणजे एकच हक्क, शिवाय आवाज स्वच्छ आणि खोल. गंमत अशी की १९७९ चीच रीत परत आली. ध्वनीच्या कारागिरीत या अल्बमला तोड नाही. त्यातली बायकांबद्दलची भाषा मला ऐकवत नाही, हेही सांगून टाकतो.

दुसरी खिडकी न्यूयॉर्कमध्ये: थोडे तुकडे घ्यायचे, पण इतके बारीक कापायचे की मूळ धून उरत नाही. सोळा बटणांचं एमपीसी-६० हे सॅम्पलर-यंत्र हाताशी होतं. डीजे प्रीमियर यात उस्ताद. नासच्या १९९४ च्या 'इलमॅटिक'मध्ये त्याने जो चेंबर्स या जॅझ कलावंताच्या रेकॉर्डवरचा पियानोचा जेमतेम तुकडा घेऊन 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' उभं केलं. त्याच अल्बमवर पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप यांचीही गाणी आहेत. चाळीस मिनिटांच्या आत सगळं आटोपतं, फालतू एक क्षण नाही. नास तेव्हा वीस वर्षांचा. त्याचा जन्म हर्कच्या पार्टीनंतर साधारण महिन्याभराने झालेला. १९९४ ला कौल देणाऱ्यांशी मी या एका अल्बमपुरतं भांडत नाही.

८. लताबाई, रकीम आणि दोन ड्रमर

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर २००२ चं ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' ऐका. डॉक्टर ड्रेच्या कंपनीने काढलेल्या या गाण्यात रकीमचं कडवं आहे आणि सुरुवातीपासून लता मंगेशकरांचा आवाज फिरतो. 'ज्योती' या १९८१ च्या चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचं. श्रेय कुणालाच दिलं नव्हतं. खटला झाला, आणि बप्पीदांचं नाव घातल्याशिवाय अल्बम विकायचा नाही असा हुकूम लॉस एंजेलिसच्या न्यायालयातून निघाला. उचलेगिरीला मी वर कला म्हटलं. पण अडीच सेकंदांची कातरण वेगळी आणि गाण्याचा कणाच बिनबोभाट घेणं वेगळं.

आणि कायद्याला ज्यांचं नावही लागत नाही अशांची गोष्ट राहिलीच. 'फंकी ड्रमर'मधला ठेका क्लाइड स्टबलफील्डचा. विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर'मधला सहा-सात सेकंदांचा तुकडा ग्रेगरी कोलमनचा. जगात सर्वांत जास्त उचलले गेलेले हे ठेके. पण कायद्याच्या लेखी ड्रमर रचनाकार नसतो, त्यामुळे परवानगीचे पैसे कोणी भरले तरी ते यांच्यापर्यंत पोचायचं कारण नव्हतं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून विन्स्टन्सच्या रिचर्ड स्पेन्सरना २४,००० पौंड दिले. कोलमन त्याआधी नऊ वर्षं वारला होता.

९. ऐकायचं कुठून?

कालक्रमाने ऐकू नका, कंटाळाल. आधी 'फंकी ड्रमर'ची सात मिनिटांची आवृत्ती लावा आणि पाच मिनिटं उलटल्यावर येणारा ड्रमचा एकटा तुकडा कानात बसवा. लगेच पब्लिक एनिमीचं १९८९ चं 'फाइट द पॉवर' लावा आणि तो ठेका त्या गर्दीत शोधा. सापडला की पुढचं सोपं. मग 'पेड इन फुल', मग 'इलमॅटिक'. शब्द पहिल्या फेरीत कळले नाहीत तरी हरकत नाही, आवाजाचा उतारचढाव कळतो. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा १९९१ चा 'द लो एंड थिअरी' रात्री हेडफोनवर ऐका. त्यात एका गाण्यावर रॉन कार्टर हे जॅझचे बुजुर्ग स्वतः येऊन डबल बास वाजवून गेले आहेत. 'नेशन ऑफ मिलियन्स' शेवटी ठेवा आणि आवाज मोठा ठेवा.

'थ्री फीट हाय अँड रायझिंग' मात्र अनेक वर्षं फोनवर मिळत नव्हता. जुने करार कॅसेट आणि रेकॉर्डपुरते होते, इंटरनेटचा त्यात विचारच नव्हता. ३ मार्च २०२३ ला तो अखेर ऑनलाइन आला, पण ज्या तुकड्यांची परवानगी जुळली नाही ते बदलून. जुन्या बाजारात १९८९ ची प्रत सापडली तर घेऊन ठेवा.